अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांत मेरिट स्कॉलरशिप कशी शोधायची

विल्यम्स, अॅम्हर्स्ट, पोमोना, मिडलबरी. अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांचा विषय निघाला की हीच नावं आधी कानावर येतात. मेरिट स्कॉलरशिप हवी असेल तर ही चारही नावं यादीतून खुशाल खोडा. तिथे हुशारीसाठी वेगळे पैसे मिळत नाहीत. येणारा जवळपास प्रत्येकच विद्यार्थी वर्गात पहिला-दुसरा असतो, त्यामुळे ही कॉलेजं मदतीचा पैसा फक्त घरच्या गरजेनुसार वाटतात.

मेरिटचे पैसे देतात ती दुसरी कॉलेजं. शिकवण्यात ती कुठे कमी नसतात, पण चांगला विद्यार्थी आपल्याकडे यावा म्हणून त्यांना स्वतःहून हात पुढे करावा लागतो. ओहायोतलं वूस्टर, डेनिसन आणि केनियन, विस्कॉन्सिनमधलं लॉरेन्स आणि बेलॉइट, इलिनॉयमधलं नॉक्स, मिशिगनमधलं कॅलमझू, केंटकीतलं सेंटर, मेम्फिसचं ऱ्होड्स, आर्कान्सामधलं हेन्ड्रिक्स, वॉशिंग्टन राज्यातलं व्हिटमन. यातली निम्मी नावं आपल्या नातेवाइकांनी ऐकलेलीही नसतात, आणि पुष्कळ घरांत यादी तिथेच अडते. माझा आग्रह एवढाच आहे की नावाच्या मोहात पडण्याआधी आकडे बघा.

मेरिट स्कॉलरशिपकडे बक्षीस म्हणून बघण्यापेक्षा फीमधली सूट म्हणून बघितलं तर पुढचं सगळं सोपं जातं. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या आर्थिक अधिकाऱ्यांची नाक्युबो नावाची संघटना दरवर्षी पाहणी करते. तिच्या २०२३-२४ च्या आकड्यांनुसार खासगी कॉलेजांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या ट्युशन फीवर दिलेली सूट सरासरी सुमारे ५६ टक्के होती. म्हणजे वेबसाइटवर छापलेली फी पूर्ण भरणारे थोडेच. तेव्हा ‘आमची मुलगी स्कॉलरशिपच्या लायकीची आहे का’ या प्रश्नात अडकू नका. ‘आमच्या मुलीसारखी विद्यार्थिनी कुठल्या कॉलेजला जास्त हवी आहे’ हे शोधा.

ज्यांना या कॉलेजांची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साधारण हजार ते तीन हजार विद्यार्थी, जवळपास सगळे पदवीचेच, वर्ग लहान, आणि शिकवायला स्वतः प्राध्यापक. फिजिक्स, बायोलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, अर्थशास्त्र, संगीत हे सगळं तिथे शिकता येतं. पीएचडीचे विद्यार्थी नसल्यामुळे प्रयोगशाळेतलं काम बीएच्या मुलांच्याच हाती येतं. इंजिनिअरिंग मात्र मोजक्या ठिकाणी आहे. लाफायेट, स्मिथ, हार्वी मड, युनियन, टेक्सासमधलं ट्रिनिटी ही त्यातली काही.

आधी आपण कुठल्या रांगेत आहोत ते ठरवा

मराठी घरांपुरतं बोलायचं तर चार प्रकार दिसतात आणि चौघांचे नियम वेगळे आहेत.

मूल अमेरिकन नागरिक आहे किंवा त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे, आणि कुटुंब न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया असं कुठेतरी राहतं. आईबाबा दोघे नोकरी करतात. फॅफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म, भरला की सरकारी सूत्र सांगतं, ‘तुम्हाला गरज नाही.’ आणि घरात तर वर्षाला ८५,००० डॉलर काढून द्यायची ताकद नसते. अशा कुटुंबांसाठी मेरिट हाच मुख्य रस्ता आहे, आणि तो बराच रुंद आहे.

मूल अमेरिकेत जन्मलं, पण कुटुंब परत पुण्या-मुंबईला आलं. बारावी इथेच झाली तरी मूल नागरिकच आहे. त्यामुळे फॅफ्सा भरता येतो आणि बहुतेक कॉलेजांत आर्थिक मदतीसाठी त्याला नागरिक म्हणूनच धरतात. ही गोष्ट कितीतरी पालकांच्या लक्षात येत नाही आणि ते मुलाला ‘इंटरनॅशनल’ समजून अर्ज भरत राहतात.

मूल एच-४ व्हिसावर, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारे, अमेरिकेत शिकतंय. सरकारी मदत मिळत नाही. कॉलेजच्या स्वतःच्या पैशांबाबत मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा कारभार. काही ठिकाणी अशा मुलांना प्रवेशापुरतं स्थानिक मानतात आणि मदतीच्या वेळी परदेशी. इथे अंदाज बांधत बसू नका. अॅडमिशन ऑफिसला ईमेल करा आणि लेखी उत्तर मागा.

चौथा प्रकार म्हणजे भारतीय पासपोर्ट आणि महाराष्ट्रात, गोव्यात किंवा भारतात दुसरीकडे शिक्षण. यांना मेरिट मिळतं, चांगलं मिळतं, पण केवळ मेरिटवर सगळा खर्च निघाला अशी उदाहरणं थोडी. बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना तो किती मदत मागतोय हेही बघतात. अॅम्हर्स्ट आणि बोडिन यांच्यासारखी परदेशी मुलांचीही ऐपत न बघता प्रवेश देणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि तिथे प्रवेश मिळणंच महाकठीण.

मुळशी तालुक्यात पौडजवळ असलेल्या यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेजात जी मुलं अकरावी-बारावीसाठी जातात, त्यांच्यासाठी आणखी एक दार आहे. डेव्हिस यूडब्ल्यूसी स्कॉलर्स हा उपक्रम २००० साली पाच अमेरिकन कॉलेजांपासून सुरू झाला, आणि त्यातली तीन लिबरल आर्ट्स कॉलेजं होती: कोल्बी, मिडलबरी आणि वेलस्ली. चौथं, मेन राज्यातलं कॉलेज ऑफ द अॅटलांटिक, तर त्यांच्याहूनही लहान. पाचवं प्रिन्स्टन. आज यादी बरीच मोठी झाली आहे. ही मदत गरजेनुसार असते. घरातलं मूल दहावीत असेल तर हा पर्याय आत्ताच विचारात घ्यावा. बारावीनंतर त्याचा उपयोग नाही.

घरचा आकडा

यादी करायला बसण्यापूर्वी आईबाबांनी एक आकडा कागदावर लिहावा: चार वर्षं, दरवर्षी, कर्ज धरून आणि कर्ज न धरता आपण किती देऊ शकतो. मुलालाही तो सांगावा. आपल्याकडे पैशांचं बोलणं मुलांपासून लपवायची सवय आहे. ‘तू अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघू.’ मग एप्रिलमध्ये मूल एका कॉलेजच्या प्रेमात पडलेलं असतं आणि बाबांच्या डोक्यात वेगळाच हिशोब चालू असतो. सतरा वर्षांच्या मुलाला आकडा कळतो. त्याला विश्वासात घ्या.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी हा आकडा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. अर्जासोबत बऱ्याच ठिकाणी कुटुंब किती पैसे देऊ शकतं हे लिहून द्यावं लागतं. प्रवेश सुकर व्हावा म्हणून काही जण ‘मदत नको’ अशी खूण करतात आणि एकदा आत गेल्यावर मागू असा विचार करतात. कृपा करून हे करू नका. अनेक कॉलेजांचा स्पष्ट नियम आहे की प्रवेशाच्या वेळी ज्या परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली नाही त्याला पुढे चार वर्षं मागता येणार नाही.

अमेरिकन नागरिकांसाठी एक सोय आहे. २०११ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक कॉलेजला आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यात उत्पन्न, बचत आणि काही ठिकाणी मार्क टाकले की अंदाजे खर्च दिसतो. जो कॅल्क्युलेटर मार्क किंवा जीपीए विचारतो, त्यात मेरिटचा अंदाजही बहुधा धरलेला असतो. नुसतं उत्पन्न विचारणारा असेल तर त्यात मेरिट दिसेलच असं नाही. परदेशी विद्यार्थ्यांनी मात्र या कॅल्क्युलेटरच्या आकड्यावर विसंबू नये. तो त्यांच्यासाठी बनवलेलाच नाही.

यादी कुठून काढायची

रँकिंगच्या याद्या इथे फारशा कामाच्या नाहीत, कारण त्या वरून खाली वाचल्या जातात आणि मेरिट मधल्या भागात असतं. त्यापेक्षा कॉलेजांच्या जुन्या संघटना बघा. ग्रेट लेक्स कॉलेजेस असोसिएशनमध्ये १३ कॉलेजं आहेत: वूस्टर, डेनिसन, केनियन, ओबरलिन, ओहायो वेस्लियन, कॅलमझू, होप, आल्बियन, अर्लहॅम, डीपॉ, वॉबॅश, अॅलेगेनी आणि अँटिऑक. असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्टमध्ये १४: लॉरेन्स, बेलॉइट, नॉक्स, ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, सेंट ओलाफ, कॉर्नेल कॉलेज वगैरे. (हे कॉर्नेल आयोवातलं आहे, न्यूयॉर्कमधलं विद्यापीठ वेगळं. इथे एका वेळी एकच विषय साडेतीन आठवडे शिकवतात, आणि काही मुलांना ही पद्धत फार मानवते.) दक्षिणेकडे असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द साउथ आहे. तिच्यात सेंटर, ऱ्होड्स, हेन्ड्रिक्स, फर्मन, सवानी, टेक्सासमधलं साउथवेस्टर्न आणि ट्रिनिटी येतात. या तीन संघटनांच्या सदस्यांची नावं एका वहीत उतरवून काढली की सुरुवातीची यादी तयार. सगळीच मेरिट देतात असं नाही. मिडवेस्टच्या यादीतलं कार्लटन बहुतांश गरजेवरच पैसे देतं. पण गाळायला हे उत्तम जाळं आहे.

भूगोलाचाही फायदा घ्या. कॉलेजांना वर्गात देशाच्या आणि जगाच्या निरनिराळ्या भागांतली मुलं हवी असतात. न्यू जर्सीच्या एडिसनमधून बॉस्टनच्या आसपास अर्ज करणारी मराठी मुलं खूप असतात, आर्कान्साला करणारी क्वचित. हेन्ड्रिक्सच्या नजरेत तुमचं मूल वेगळं उठून दिसण्याची शक्यता जास्त.

कॉमन डेटा सेट: खरा खजिना इथे आहे

कॉलेजच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ लिहून शोधलं की बहुतेक कॉलेजांची एक पीडीएफ किंवा एक्सेल फाइल सापडते. दिसायला रटाळ, पण माहितीपत्रकातल्या हिरव्या लॉनच्या फोटोंपेक्षा शंभरपट उपयोगाची. सगळी फाइल वाचायची गरज नाही. एच, सी आणि बी या विभागांतल्या काही ओळी पुरतात.

एच२ या तक्त्याची ‘ए’ ओळ पहिल्या वर्षाचे एकूण विद्यार्थी सांगते. ‘सी’ ओळ त्यातल्या किती जणांची आर्थिक गरज मान्य झाली ते सांगते. त्याच्या खालीच एच२ए आहे. त्यातली ‘एन’ ओळ म्हणजे गरज नसतानाही कॉलेजने ज्यांना पैसे दिले असे विद्यार्थी, आणि ‘ओ’ ओळ म्हणजे त्या पैशांची सरासरी.

समजा एका कॉलेजात ‘ए’ ५०० आहे आणि ‘सी’ २९०. म्हणजे गरज नसलेले २१०. ‘एन’ मध्ये १९५ आणि ‘ओ’ मध्ये २८,००० डॉलर लिहिलेत. २१० पैकी १९५ जणांना पैसे मिळाले, म्हणजे जवळपास ९३ टक्के. या कॉलेजात पूर्ण फी भरणारा दुर्मीळ आहे. तुमच्या मुलाला प्रवेश मिळाला तर २८,००० च्या आसपास सूट मिळेलच असं धरून चालायला हरकत नाही, आणि मार्क वरच्या टोकाचे असतील तर त्याहून जास्त. आता दुसऱ्या कॉलेजात ‘ए’ आणि ‘सी’ तेवढेच, पण ‘एन’ फक्त १२ आणि ‘ओ’ ४५,०००. रक्कम मोठी दिसते, पण ती २१० पैकी १२ जणांनाच. ही लॉटरी आहे. अर्ज करावा, पण घरचं गणित तिच्यावर मांडू नये. ही दोन्ही उदाहरणं समजावण्यापुरती आहेत. तुम्ही आपल्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजासाठी एका एक्सेल शीटमध्ये हे चार आकडे भरा. एका रविवारच्या दुपारचं काम आहे, आणि त्यानंतर यादीचा चेहरामोहरा बदलतो.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी एच६ ही ओळ आहे. परदेशी मुलांना गरजेवर मदत मिळते का, मेरिट मिळतं का, गेल्या वर्षी किती जणांना मिळाली आणि सरासरी किती, हे सगळं तिथे असतं. मग बी२ तक्त्यात जाऊन कॉलेजात एकूण परदेशी विद्यार्थी किती ते बघा. एच६ मधली संख्या बी२ मधल्या संख्येच्या जवळ असेल तर तिथे जवळपास प्रत्येक परदेशी मुलाला काही ना काही मिळतं. फार कमी असेल तर ते कॉलेज परदेशी मुलांकडे पूर्ण फी भरणारे म्हणून बघतं.

सी विभागात सी९ मध्ये एसएटी आणि एसीटी या प्रवेशपरीक्षांच्या गुणांची पट्टी दिलेली असते, म्हणजे प्रवेश घेतलेल्यांपैकी मधल्या ५० टक्के मुलांचे गुण कुठून कुठपर्यंत आहेत ते. तुमच्या मुलाचे गुण पट्टीच्या वरच्या आकड्याच्याही वर असतील तर मेरिटची आशा ठेवावी. पट्टीच्या मध्यावर असतील तर प्रवेश मिळू शकेल, मोठी रक्कम मिळणं कठीण. मन थोडं घट्ट करून हे स्वीकारावं लागतं. ज्या कॉलेजात मूल कसंबसं बसतं तिथे पैसे मिळत नाहीत. जिथे ते इतरांपेक्षा वरचढ ठरतं तिथे मिळतात.

सी७ मध्ये कॉलेज प्रवेशासाठी कशाला किती महत्त्व देतं ते लिहिलेलं असतं. ‘विद्यार्थ्याने दाखवलेला रस’ या ओळीपुढे ‘महत्त्वाचं’ अशी खूण असेल तर ऑनलाइन माहिती सत्राला बसा, काउन्सेलरच्या ईमेलला उत्तर द्या, मुलाखतीची सोय असेल तर घ्या. छोट्या कॉलेजात तुमची फाइल वाचणारा माणूस तुमचं नाव खरोखर ओळखतो. जाता जाता बी२२ वरही नजर टाका: पहिल्या वर्षाची किती मुलं दुसऱ्या वर्षी टिकली. हा आकडा फारच कमी असेल तर स्वस्त फीसुद्धा महाग पडते.

मोठ्या नावाच्या स्कॉलरशिप, आणि बॅगपाइप

काही कॉलेजं मेरिट देण्यात हात आखडता घेतात, पण निवडक मुलांसाठी सगळा खर्च उचलतात. व्हर्जिनियातल्या वॉशिंग्टन अँड लीची जॉन्सन स्कॉलरशिप २००७ मधल्या १० कोटी डॉलरच्या देणगीतून उभी राहिली. दरवर्षीच्या वर्गातल्या सुमारे १० टक्के मुलांना ती मिळते, आणि त्यात किमान ट्युशन, राहणं आणि जेवण येतं. रिचमंड विद्यापीठाची रिचमंड स्कॉलर्स ही योजना अशीच. तिथे जागा कमी आहेत. अॅटलांटाजवळचं अॅग्नेस स्कॉट आणि मॅसॅच्युसेट्समधलं माउंट होलिओक ही मुलींची कॉलेजं आहेत. या दोन्हीकडे थोड्या मुलींना संपूर्ण ट्युशन किंवा त्याहून जास्त देणाऱ्या स्कॉलरशिप आहेत. मुलींच्या कॉलेजांचं नाव काढलं की आपल्याकडे नाक मुरडलं जातं, आणि त्यामुळे फार चांगली ठिकाणं न बघताच सुटतात.

कलेसाठीही पैसे आहेत. लॉरेन्स आणि ओबरलिन यांच्याकडे स्वतःचं संगीत विद्यालय आहे. स्किडमोर एरवी मेरिट फारसं देत नाही, पण फिलीन संगीत स्कॉलरशिप देतं, आणि त्यासाठी संगीतात पदवी करायलाच हवी असंही नाही. वूस्टरमध्ये स्कॉटिश परंपरा जपतात, त्यामुळे बॅगपाइप वाजवणाऱ्याला, तिथला ड्रम वाजवणाऱ्याला आणि स्कॉटिश नृत्य करणाऱ्याला वेगळी स्कॉलरशिप मिळते. तबला, गायन, भरतनाट्यम, कविता असं काही मूल वर्षानुवर्षं मनापासून करत असेल तर रेकॉर्डिंग किंवा पोर्टफोलिओ पाठवता येतो का, आणि त्याला पैशांची जोड आहे का, हे विचारावं. खेळाचं मात्र वेगळं आहे. बहुतेक लिबरल आर्ट्स कॉलेजं एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेच्या तिसऱ्या विभागात खेळतात आणि तिथे खेळासाठी स्कॉलरशिप द्यायला बंदी आहे. चांगल्या टेनिसपटूला प्रवेशात मदत होईल, फीमध्ये नाही.

वेळापत्रक

कॉमन अॅप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं. फॅफ्सा आणि सीएसएस प्रोफाइल (काही कॉलेजं स्वतःच्या मदतीसाठी मागतात तो फॉर्म) साधारण १ ऑक्टोबरला. १ किंवा १५ नोव्हेंबरला अर्ली अॅक्शनची मुदत असते, आणि मेरिटसाठी हीच सर्वात महत्त्वाची तारीख. अर्ली अॅक्शन बांधून घेत नाही. उत्तर लवकर येतं आणि अनेक ठिकाणी मेरिटची रक्कमही सोबतच कळते. अर्ली डिसिजन बांधून घेतं. प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं आणि इतर अर्ज मागे घ्यायचे. म्हणजे चार ऑफर शेजारी ठेवून तुलना करायची संधीच गेली. ज्या घराला मेरिटवर अवलंबून राहायचं आहे त्यांनी अर्ली डिसिजन टाळावं असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्वात जास्त मुलं इथे चुकतात: कॉलेजची अर्जाची मुदत जानेवारीत असते, पण मोठ्या स्कॉलरशिपची मुदत त्याआधी, कधी नोव्हेंबरमध्ये तर कधी डिसेंबरच्या सुरुवातीला. तिला वेगळा निबंध लागतो आणि तो कॉमन अॅपमध्ये दिसेलच असं नाही. प्रत्येक कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या पानावर जाऊन दोन गोष्टी तपासा: कुठली स्कॉलरशिप अर्जासोबत आपोआप विचारात घेतात आणि कुठलीसाठी वेगळा अर्ज लागतो. एसएटीशिवाय प्रवेश देणारी कॉलेजं पुष्कळ आहेत. बोडिनने तर १९६९ पासूनच परीक्षेची सक्ती काढली. पण मेरिटसाठी गुण बघतात का, हे वेगळं विचारावं लागतं. गुण चांगले असतील तर पाठवा.

अर्जाच्या फीचा खर्चही जपून करा. ग्रिनेल, स्मिथ, ओबरलिन अशा अनेक ठिकाणी ती नाहीच. बाकी ठिकाणी साध्या ईमेलने माफ करून मागता येते. शाळेतल्या बाईंना किंवा सरांना शिफारसपत्रासाठी सप्टेंबरमध्येच सांगा. आपल्याकडच्या शाळांत ही पत्रं नेहमीची नसतात. त्यांना मुलाने केलेल्या दोन-तीन कामांची आठवण लिहून द्या, म्हणजे ‘मेहनती आणि शिस्तप्रिय’ यापुढे काहीतरी येईल.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना मोफत सल्ल्यासाठी मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेचं एज्युकेशन-यूएसए केंद्र आहे. खासगी एजंटकडे जाणार असाल तर त्याला कॉलेजकडून कमिशन मिळतं का, हे आधी विचारा. मिळत असेल तर त्याची यादी तुमच्यासाठी बनलेली नसते.

ऑफर हातात आल्यावर

मार्चअखेरपर्यंत पत्रं येतात आणि १ मेपर्यंत ठरवायचं असतं. पत्रातला मोठा आकडा बघून पेढे वाटण्याआधी हिशोब मांडा. एकूण खर्चातून फक्त स्कॉलरशिप आणि ग्रँट वजा करा. कर्ज आणि कॅम्पसवरच्या कामाची अंदाजी कमाई काही पत्रांत ‘मदत’ म्हणूनच दाखवलेली असते. ती वजा करू नका.

मग चार वर्षांचं बघा. मेरिटची रक्कम बहुधा चारही वर्षं तेवढीच राहते आणि फी वाढत जाते. समजा एकूण खर्च ८०,००० डॉलर, मेरिट ३५,०००. पहिल्या वर्षी घरातून ४५,०००. खर्च दरवर्षी ४ टक्के वाढला तर दुसऱ्या वर्षी ४८,२००, तिसऱ्या वर्षी ५१,५२८, चौथ्या वर्षी ५४,९८९. चौपट करून १,८०,००० धरले होते, प्रत्यक्षात १,९९,७१७ झाले. जवळजवळ २०,००० डॉलरचा फरक, आणि तो पत्रात कुठेच लिहिलेला नसतो.

स्कॉलरशिप टिकवायची अट काय, हेही नीट वाचा. कुठे नुसतं समाधानकारक निकाल पुरतो, कुठे ३.० जीपीए लागतो. विज्ञान विषय घेणाऱ्या मुलाला पहिल्या सेमिस्टरला ३.० राखणं जड जाऊ शकतं. एखाद्या सेमिस्टरला घसरला तर सावरायची संधी देतात का, हे विचारा. बाहेरची एखादी स्कॉलरशिप मिळाली, अगदी महाराष्ट्र मंडळाची असली, तरी कॉलेज आपली रक्कम तेवढ्याने कमी करेल का, हेही विचारा. काही कॉलेजं आधी कर्ज किंवा काम कमी करतात, काही थेट आपली ग्रँट.

रक्कम वाढवून मागता येते. बाजारातल्यासारखी घासाघीस नको. मुलाने स्वतः सभ्य ईमेल लिहावा: तुमचं कॉलेज माझी पहिली पसंती आहे, दुसऱ्या अशाच कॉलेजची ऑफर सोबत जोडली आहे, फरक अमुक इतका आहे, पुन्हा विचार होऊ शकेल का. दुसरं कॉलेज तोडीचं असावं लागतं. डेनिसनला केनियनची ऑफर दाखवण्यात अर्थ आहे. बारावीच्या पहिल्या सेमिस्टरनंतर आलेले चांगले मार्क किंवा एसएटीचे वाढलेले गुणही जोडावेत. ‘नाही’ आलं तरी प्रवेश जात नाही.

कॉलेजची आर्थिक तब्येतही बघा. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न १८५६ साली स्थापन झालेलं कॉलेज, २०२४ च्या मेअखेरीस कायमचं बंद झालं. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेजही त्याच वर्षी बंद पडलं, आणि मुलांना एप्रिलअखेरीस कळलं की हे शेवटचं सेमिस्टर. विद्यार्थीसंख्या वर्षानुवर्षं घटतेय का, विभाग बंद केले जाताहेत का, मान्यता देणाऱ्या संस्थेने इशारा दिलाय का, स्थानिक वर्तमानपत्रात काय छापून येतंय, हे तासाभरात शोधता येतं. सूट अगदीच अवाच्या सवा असेल तर हा तास जरूर खर्च करा.

भारतातून जाणाऱ्यांसाठी शेवटचा कागदोपत्री भाग. डिपॉझिट भरल्यावर कॉलेज आय-२० हा व्हिसासाठी लागणारा कागद पाठवतं. त्यात स्कॉलरशिपची रक्कम कॉलेजकडून मिळणारा निधी म्हणून दाखवलेली आहे ना, हे तपासा. पहिल्या वर्षाचा उरलेला खर्च तुम्हाला बँकेच्या कागदांनिशी दाखवावा लागतो. त्यानंतर सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर फी भरायची आणि व्हिसाची वेळ घ्यायची. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. त्यातून खिशाचा खर्च निघतो, फी निघत नाही. ट्युशन आणि पुस्तकांसाठीच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेत कर नसतो, राहण्या-जेवणासाठीच्या रकमेवर असतो, आणि एफ-१ विद्यार्थ्याच्या त्या भागातून बहुधा १४ टक्के आधीच कापले जातात. सगळा खर्च उचलणारी स्कॉलरशिप मिळालेल्या मुलाच्या खात्यावरही त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला थोडं बिल दिसू शकतं. तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवा, आणि वर्षाच्या शेवटी रिटर्न भरताना त्यातलं काही परत मिळतं का, हे कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.